जाऊ नका म्हणणारे काका-सान

आमच्या ऑफिसात पेन सापडायचं नाही. जपानसारख्या देशात, जिथे प्रत्येक टेबलावर पेनांचा एक पेला आणि खोडरबराला वेगळी बशी असते, तिथे आमच्याकडे सकाळी दहानंतर लिहायचं एकही साधन दिसत नसे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, इथे चोऱ्या होतात. मग एकदा काकांच्या टेबलाचा खालचा खण उघडा राहिला आणि आत बघते तर पेनंच पेनं. निळी, काळी, बँकेत फुकट मिळालेली, एक तर माझं स्वतःचं, पुण्याहून आणलेलं.

"काका, हे काय?"

"अकरा वाजता माणूस यायचाय," ते शांतपणे म्हणाले. "समोर कागद असला आणि शेजारी पेन असलं की माणूस सही करून मोकळा होतो. सवयच असते हाताला. म्हणून उचलून ठेवतो."

"आणि आम्ही लिहायचं कशाने?"

"तुम्ही काय एवढं लिहिता?" म्हणून त्यांनी खण पायाने लोटून दिला.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर रागावतील, आणि त्यांचा राग फार लांबतो. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आम्हा मराठी बायकांचे ते काका. आम्ही काका म्हणतो हे ऐकून ऑफिसातल्या जपानी मुलींनी ते नावच समजून त्याला आदराचं सान जोडलं. मग येणारे-जाणारे, पोस्टमन, खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य, सगळ्यांचेच ते काका-सान झाले.

आमचं ऑफिस म्हणजे टोकियोतल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. आपला देश सोडून जपानच्या आश्रयाला आलेल्या माणसांपैकी कुणाला परत जावंसं वाटलं, तर त्याची कागदपत्रं करायची, तिकीट काढायचं, तिकडे उतरल्यावर पहिले काही महिने राहायची आणि पोटापाण्याची सोय लावून द्यायची, हे आमचं काम. मोजकेच लोक यायचे, त्यातले बरेचसे सोमालियाचे. अट एकच होती. जाणाऱ्याने आपल्या मनाने जायचं. कारण एकदा इथला आश्रय सोडून गेलं की पुन्हा जपानला यायला मिळेलच, असं कुणी सांगू शकत नव्हतं. "स्वेच्छेने" हा शब्द आमच्या फॉर्मवर तीन ठिकाणी छापला होता. आम्ही बाकीचे तो वाचून पुढे जात असू. काका तिथेच फतकल मारून बसत.

आता परत पाठवणाऱ्या ऑफिसातला माणूस आलेल्याला काय सांगेल? या, बसा, कधी निघायचंय? काका पहिल्या भेटीत सांगायचे, "जाऊ नका." सगळं सांगायचे. उकाडा सांगायचे, डास सांगायचे, दवाखाना किती लांब आहे ते सांगायचे. इतकी वर्षं परदेशात राहून आलेल्याकडे नातेवाईक कोणत्या नजरेने बघतात, हे तर रंगवून सांगायचे. माणूस उठून गेला की समाधानाने हात चोळायचे. तो पुन्हा आला तर दुसऱ्या भेटीत तेच. तिसऱ्यांदा आला तर मग चहा.

आमचे विभागप्रमुख मोरी-सान फार सज्जन गृहस्थ. त्यांना आम्लपित्ताचा त्रास होता आणि तो काकांमुळे झाला असं ऑफिसातलं सर्वांचं मत होतं. "काका-सान," ते खालमानेने म्हणायचे, "आपलं काम मदत करायचं आहे."

"मग मी काय करतोय?" काका त्यांच्या कोबेकडच्या जपानीत विचारायचे. टोकियोच्या ऑफिसात ती भाषा म्हणजे कोटटायच्या मंडळींत कुणी लेंगा-गंजिफ्रॉकवर येऊन बसावं तशी वाटायची. मोरी-सान गोळी घ्यायचे.

काका मूळचे देवगडकडचे. ऐन विशीत मुंबईच्या एका जहाजी कंपनीत कारकून म्हणून चिकटले आणि कंपनीने त्यांना सोमालियाच्या उत्तर किनाऱ्यावर, बर्बेरा बंदरात धाडलं. तिथे दोन वर्षं बकऱ्या जहाजावर चढवायच्या आणि गोण्या उतरवून घ्यायच्या, एवढंच काम. तिथून कोबे. कोबेला दोन वर्षांसाठी आले आणि जपानातच पन्नास राहिले. लग्न तिथल्याच मुलीशी. त्या काकू वारल्यावर लेकीने सांगितलं, माझ्याकडे राहा, तर हे टोकियोत येऊन एका खोलीत राहिले आणि ही नोकरी धरली. त्यांची मराठी बाविसाव्या वर्षी जिथे थांबली तिथेच होती. पोरींना "ए छोकरे" म्हणायचे आणि टॅक्सीला "मोटार". सोमाली भाषा त्यांना येत होती असं ते म्हणत, पण त्यात मुख्यतः आकडे, शिव्या आणि बकरीचे अवयव होते. तरी एखादा सोमाली माणूस ओशाळून, अंग चोरून आत आला आणि काकांनी त्यातला एखादा शब्द टाकला की तो आधी दचकायचा आणि मग पोट धरून हसायचा.

जेवणाच्या सुट्टीत ते डब्यातल्या भातावर केळं कापून घालायचे. ही बर्बेराची सवय. वर आमच्यापैकी कुणी दिलेलं मेतकूट भुरभुरवायचे. ते दृश्य बघून जपानी मुली खुर्च्या फिरवून बसत. मी एकदा खाऊन पाहिलं. चांगलं लागतं, पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांना बकऱ्यांचं फार. कुठलंही बोलणं शेवटी बकऱ्यांवर येई. "जहाजाला फळी लावलेली असते," ते सांगायचे, "बकरी फळीवर पाय ठेवायच्या आधी थांबते. प्रत्येक बकरी. मागून ढकललीस तर पाण्यात पडते. तिला थांबू द्यायचं. तिचं बघून झालं की ती आपण होऊन चढते." यावर मोरी-सान म्हणाले होते, की माणसं म्हणजे बकऱ्या नव्हेत. काका म्हणाले, "तेच म्हणतोय मी. बकरीला जेवढं थांबू देतो, तेवढं तरी माणसाला द्या."

मला तेव्हा हे सगळं म्हाताऱ्याचं लाडावलेपण वाटायचं. माझा स्वभाव उलटा. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, तीन वर्षं घरात बसून जपानी शिकले आणि ही अर्धवेळची नोकरी मिळाली तेव्हा काय करू आणि काय नको, असं मला झालं होतं. शिवाय आपल्याकडे कसं असतं, कुणी नुसतं विचारलं की अमुक गावात चांगलं स्थळ आहे का, तर आपण त्याचं लग्न लावूनच श्वास घेतो. तोच गुण मी ऑफिसात लावला आणि तिथेच घोळ झाला.

फादुमो-सान आमच्याकडे आली ती नोव्हेंबरात. पन्नाशीच्या आसपासची, उंच, हसली की पुढच्या दातांतली फट दिसे. चौदा वर्षांपूर्वी लढाईतून जीव वाचवून जपानला आलेली. इथे आश्रय मिळाला, कामाचा परवाना मिळाला आणि डबे भरायच्या एका कारखान्यात नोकरी लागली. डुकराचं मांस तिला चालत नाही म्हणून सोबतच्या बायकांनी तिला कायमची भाताच्या पट्ट्यावर उभी केली होती. अकरा वर्षं ती सरकत्या डब्यांत भात घालत होती. जपानी माझ्यापेक्षा दहापट चांगलं बोलायची. तिची धाकटी बहीण सहरा बर्बेरात होती, नुकतीच विधवा झालेली.

"परत जायचं झालं तर काय काय लागतं?" तिने विचारलं. एवढंच. काका त्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते.

मी तिला बसवलं, चहा दिला आणि फॉर्म काढला. म्हटलं, भरून तर ठेवू, नुसती माहितीच आहे. ती म्हणाली, बरं. पर्समधून माझं पेन काढून मीच तिच्या हातात दिलं. तिने सही केली. मग मी, कामसू बाई, तिच्या कारखान्याला पत्र धाडलं, की फादुमो-सान मायदेशी परतत असल्याने कृपया कामाचा दाखला द्यावा.

जपानमध्ये राहिलेल्याला पुढचं सांगायला नको. दाखला चौथ्या दिवशी आला. पण त्याआधीच कारखान्यात बातमी पसरली आणि निरोपसमारंभ ठरला. इथे माणूस जाणार म्हटलं की त्याचा निरोप यथासांग होतो, त्यात कसूर नाही. एका जाड पुठ्ठ्यावर मध्ये तिचं नाव आणि भोवती गोल पंचवीस जणींचे संदेश. नाव कोरलेल्या चॉपस्टिक्स. टॉवेलचा जोड. ओनो-सान म्हणून तिच्या शेजारी अकरा वर्षं लोणचं घालणारी अडुसष्ट वर्षांची बाई होती, तिने जुन्या किमोनोच्या कापडाची पिशवी हाताने शिवून दिली. सगळ्या रडल्या. फादुमो-सानने वाकून वाकून सगळ्या भेटी घेतल्या आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत काम करून सुटायचं ठरलं. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपायच्या आत तिकीट होणार म्हणून मोरी-सान खूश, मी खूश. ऑपरेशन करून काका परत आले तेव्हा फाइल एवढी जाड झाली होती.

त्यांनी ती उघडली, सही पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यावर अजून पट्टी होती, त्यामुळे दुसरा डोळा जास्तच मोठा वाटत होता.

"मी कुठे होतो?"

"हॉस्पिटलमध्ये. पण काका, तिला जायचंच आहे. मी दहादा विचारलं. प्रत्येक वेळी हो म्हणाली."

"हो म्हणाली," ते म्हणाले. "चौदा वर्षं जपानात काढलेली बाई तुला तोंडावर नाही म्हणेल?"

मला राग आला. वाटलं, यांच्याशिवाय काम झालं हे यांना सोसवत नाहीये.

त्यांची एक पद्धत होती. जाणाऱ्याचं घर आवरायला ते स्वतः जायचे. इथे कपाट, गादी, शिलाई मशीन असलं मोठं सामान टाकायचं म्हणजे आधी फोनवरून तारीख घ्यायची, कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातून, पैसे भरून स्टिकर आणायचे, ते चिकटवून सांगितलेल्या दिवशी सकाळी वस्तू खाली नेऊन ठेवायची. परदेशी माणसाला ही कटकट झेपत नाही म्हणून काका मदतीला जातात, असं आम्ही समजत होतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मलाही घेऊन गेले.

फादुमो-सानची खोली एवढीशी, चकचकीत. तिने वेलची-दालचिनी घातलेला चहा केला, अगदी आपल्यासारखा, फक्त साखर तिप्पट. काका स्टिकर हातात घेऊन फिरू लागले. टेबल? टाका. पंखा? टाका. शिलाई मशीन? "ते राहू दे, नंतर बघते," ती म्हणाली. काकांनी गाद्या ठेवायचं कपाट उघडलं. आत वरच्या फळीवर दुकानाच्या पिशवीत घडी घातलेला, पिसं भरलेला जाड कोट होता. बाहीला किमतीचा कागद तसाच.

"नवीन?" काकांनी विचारलं.

"सेल लागला होता," ती म्हणाली. "थंडी संपताना स्वस्त मिळतात ना. पुढच्या..." आणि तिथेच थांबली. मग घाईघाईने, "चहा गार होतोय, काका-सान."

 काका चहा प्यायले, दुसरा मागून प्यायले, पंख्याला स्टिकर लावला आणि आम्ही निघालो. स्टेशनच्या फलाटावर बाकावर बसल्यावर त्यांनी एक गाडी सोडली, दुसरी सोडली.

"छोकरे, बर्बेराला उन्हाळ्यात पत्र्यावर हात ठेवलास तर हात उचलायला लागतो, कातडी तिथेच राहते," ते म्हणाले. "त्या दिवसांत माणसं गाव सोडून डोंगराकडे जातात. तिथे जाणाऱ्या बाईने पुढच्या थंडीसाठी कोट घेतलाय."

"बहिणीसाठी घेतला असेल."

"बहीण काय हिमालयात राहते?"

 इतके दिवस जी फाइल मी सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते, ती माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या बाईला जायचं नव्हतं. माझ्या पेनाने तिने सही केली होती आणि पंचवीस दिवसांनी तिचं विमान होतं, परतीची खात्री नसलेलं.

दुसऱ्याच दिवशी काकांनी तिला बोलावलं. खुर्ची नेहमीसारखी दाराकडे तोंड करून ठेवली. "समोर दार दिसलं की माणूस मोकळा बोलतो," असं त्यांचं म्हणणं. स्वतः तिच्यासमोर न बसता शेजारी बसले. मला वाटलं, आता विचारतील, तुला खरंच जायचंय का? त्याला तिचं उत्तर ठरलेलं होतं. पण ते म्हणाले, "फादुमो-सान, ओनो-सानला कोण सांगणार, हीच अडचण आहे ना?"

 तिने ओढणी तोंडावर घेतली आणि रडू लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. चौदा वर्षांत असं रडली नसावी.

"मी फक्त विचारायला आले होते," ती म्हणाली. "सहरा फोनवर रडत होती, म्हणून मनात आलं, विचारून बघू. मग सगळं होतच गेलं. हिने इतकी धावपळ केली. ओनो-सानची बोटं दुखतात, तरी तिने पिशवी शिवली. भेटी घेतल्यावर मी कुठल्या तोंडाने सांगू, की मी जात नाही?"

"हिने" म्हणजे मी. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"तू नको सांगू," काका म्हणाले. "मी सांगतो."

पुढच्या गुरुवारी आम्ही कारखान्यात गेलो. काकांनी सूट घातला होता, काकूंच्या वर्षश्राद्धाला घातलेला. हातात गोडाच्या खोक्यांच्या तीन मोठ्या पिशव्या. पाळी बदलायची वेळ होती. डोक्यावर कागदी टोपी, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या अशा अवतारात आम्ही दोघं त्या पंचवीस बायकांसमोर उभे राहिलो. फादुमो-सान मागे भिंतीला चिकटून.

काका कमरेत वाकले ते वाकलेच राहिले. "कागदपत्रांत घोटाळा झाला," ते त्यांच्या त्या कोबेच्या जपानीत म्हणाले. "ही बाई नुसती चौकशीला आली होती. आमच्या ऑफिसने जाणार असं समजून तुम्हाला कळवलं. तुम्ही सगळ्यांनी इतक्या प्रेमाने निरोप दिला, की तिला बोलता आलं नाही. चूक माझी आहे. तुमचे अश्रू फुकट घालवले, माफ करा."

मग एकेकीसमोर जाऊन खोकं देत वाकत गेले. पंचवीस वेळा. मीही त्यांच्यामागे वाकत होते. विसाव्याला माझी पाठ बोलायला लागली. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस मात्र थांबला नाही.

शेवटी ओनो-सान. ठेंगणी, कपाळावर कायम आठी. तिने खोकं घेतलं, काकांकडे पाहिलं, मागे फादुमो-सानकडे पाहिलं.

"म्हणजे ही जात नाही?"

"नाही."

"मार्चातही भातावर उभी राहील?"

"राहील."

ओनो-सानने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की टोपी हलली. "नवी बाई पाहिली का तुम्ही? भात दाबून भरते. मी रोज घरी जाऊन नवऱ्याला सांगते, फादुमो गेली की माझी खैर नाही." मग फादुमो-सानकडे वळून, "ए, ती पिशवी परत देऊ नकोस हं. बाजाराला ने." सगळ्या हसायला लागल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तीन महिने ज्याच्या धास्तीने ती बाई धड जेवली नव्हती, ते पाच मिनिटांत संपलं. मी तिथेच एका पिंपावर बसून रडले. मला फार, फार सुटल्यासारखं झालं.

ऑफिसात मात्र प्रकरण मिटायचं होतं. इथे चूक झाली की ती कशी झाली, का झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे एका कागदावर लिहून खाली शिक्का मारून द्यावं लागतं. काकांनी तो कागद स्वतःच्या नावाने लिहिला. मी सांगायला गेले, की मोरी-सानना खरं सांगते. तर म्हणाले, "तू नवी आहेस, तुला हे चिकटेल. मला काय होणार? म्हाताऱ्याला कुणी काढत नाही, तो जाणारच असतो." मी तरी गेले. मोरी-सान गोळी घेत होते. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे. फॉर्मवरचं अक्षर तुमचं होतं. पण काका-सानचा कागद फार चांगला लिहिलाय, तो राहू द्या."

त्या दिवसापासून सकाळी दहाला मीच टेबलांवरची पेनं गोळा करून काकांच्या खणात टाकू लागले.

काकांना कुणी विचारायचं, की तुम्ही इतके इतरांना परत पाठवता, तुम्ही का नाही गेलात देवगडला? त्यावर ते कधी म्हणत, "बोट चुकली," कधी म्हणत, "आंब्याच्या सीझनला जातो बघ." एकदाच, डबा खाताना, मला म्हणाले, "थांबलो होतो गं बघायला. बघता बघता काकू भेटली." आणि केळं सोलायला घेतलं. त्यात दुःख होतं असं मला वाटलं नाही. सुखात होते ते.

दीड वर्ष गेलं. एका सोमवारी दार धाडकन उघडून फादुमो-सान आत आली. हातात वही. खुर्ची स्वतःच ओढून बसली.

"काका-सान, मला जायचंय."

"जाऊ नका," काकांनी सुरू केलं. "उकाडा..."

"मला माहीत आहे. माझं गाव आहे ते." तिने वही उघडली. आत हिरागाना या सोप्या जपानी लिपीत एकाखाली एक प्रश्न लिहिलेले. तिकडे पोचल्यावर मदत कोण देणार, त्याचं नाव काय? शिलाई मशीन जहाजाने नेता येईल का? सहराने पाहिलेल्या खोलीला खिडकी एकच आहे, ती नको, दुसरी बघायला कुणाला सांगायचं? दोन बहिणी मिळून कपडे शिवायचं दुकान काढणार, तर परवाना कोण देतं? आजारी पडले तर? परत यायची पाळी आली तर?

"परत येता येईलच असं नाही," काका म्हणाले. "हे नीट ऐक. बहुतेक नाहीच."

"ऐकलं," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

काका उलटसुलट बोलून पाहत होते आणि ती त्यांना एकेका वाक्यात गप्प करत होती. विमान दोनदा बदलायचं नाही, एकदाच, म्हणून मोरी-सानशीही भांडली. ती गेल्यावर मी घाबरून काकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा फुलला होता. "बघितलंस?" ते म्हणाले. "मागच्या वेळी सगळ्याला हो म्हणत होती. आता खिडकीवरून भांडतेय."

तरी त्यांनी तिला तीनदा बोलावलं. सहराशी फोनवर बोलले, बकऱ्यांच्या सोमालीत. चौथ्या वेळी ती सही करायला आली तेव्हा टेबलावर अर्थातच पेन नव्हतं. तिने पर्समधून स्वतःचं काढलं.

विमानतळावर ओनो-सान आली होती, एकटीच. समारंभ पुन्हा करू नका असं फादुमो-सानने बजावलं होतं, आणि दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या होत्या. काका लांब खांबाआड. तपासणीच्या दारातून ती गेली तेव्हा मागे वळून हात हलवला, दात दाखवून हसली. काकांनी हात हलवला नाही. "अजूनही जायचं नाही म्हणून बोलावेल, तर थांबलोय," ते म्हणाले. विमान उडाल्याचं फलकावर दिसेपर्यंत आम्ही थांबलो. कुणी बोलावलं नाही.

पुढचे चार महिने काका बेचैन होते. बर्बेराचं हवामान मोबाइलवर बघायचे. तिथल्या मदतनीसाचं पत्र यायचं, सर्व ठीक आहे, पण ठीक या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. मग एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन पेल्याला टेकवून ठेवला आणि काका शेजारी येऊन बसले. पडद्यावर ती, मागे शिलाई मशीन, त्यामागे सहराची सावली. बोलायला लागली ती तक्रारीच. वीज जाते. माशा फार. सहरा कापड तिरकं कापते आणि ऐकत नाही. सहराची चुलत नणंद रोज येऊन बसते. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही. बोलता बोलता मध्येच जपानी शब्द आठवेना म्हणून चिडली.

काकांचा चेहरा उतरत चालला. मला राहवेना. "फादुमो-सान," मी विचारलं, "चूक तर नाही ना झाली? तिथे कसं वाटतंय?"

 ती म्हणाली, "जपानात सगळे माझ्याशी चांगले वागले. पण पंधरा-सोळा वर्षांत जो जो भेटला, त्याने विचारलं, परत कधी जाणार? दुकानदाराने, टॅक्सीवाल्याने, शेजारणीने. प्रेमानेच विचारायचे. इथे येऊन चार महिने झाले, मला हे एकदाही कुणी विचारलेलं नाही." आणि आतून सहराने काहीतरी ओरडून सांगितलं, तशी ती "आले, आले" म्हणून आमचा निरोपही न घेता फोन ठेवून गेली.

पडदा काळा झाला. मलाही तो प्रश्न इथली शेजारीण विचारते आणि पुण्याहून सासूबाई विचारतात, आणि दोघींनाही मी हसून काहीतरी सांगते. काकांना तर तो पन्नास वर्षं विचारला गेला असणार.

"झालं, पोचली ती," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग डबा पिशवीत टाकला, कोट घातला आणि मोरी-सानना वाकून नमस्कार केला. ते रोज सगळ्यात शेवटी दिवे बंद करून निघायचे. त्या दिवशी साडेचारलाच घरी गेले.